अकरा ठिपके, सगळे मागेच

उदगीरच्या आनंदराजला काहीही दिसलं की आधी 'असं का?' हा प्रश्न पडतो. मुंग्या साखरेची बरणी सोडून खिडकीकडे का निघाल्या, यावर या माणसाने एक अख्खी सुट्टी घालवलेली आहे. आरोग्य सेवकाच्या नोकरीत सव्वीस वर्षं झाली, डासांच्या अळ्या बघून बघून चष्मा लागला, पण चौकशीची खोड काही गेली नाही. त्याची बायको लुंबिनी म्हणते, "ह्यांना ताट वाढलं तर घास घ्यायच्या आधी भाजीचा पंचनामा करत्यात."

असा हा माणूस स्वतःच्या गाडीपाशी मात्र चक्क आंधळा राहिला, आणि त्यापायी जिवाभावाचा मित्र गमावून बसला.

गाडी पांढरी, वापरलेली घेतलेली. चाकूरचा शेषेराव हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. शेषेरावचा मुलगा सत्यम रत्नागिरीला नोकरीला. त्याने नवी गाडी घेताना जुनी आनंदकाकाला दिली. पहिलं वर्ष सुखात गेलं. दुसऱ्या वर्षी मागच्या चाकामागच्या पत्र्यावर रंगाला मसुराएवढा फोड आला. आनंदराजने तो नखाने उकरला, तर आत तपकिरी भुगा. मग मोबाइलवर बघून त्याने घरीच दुरुस्ती केली. भोवती चिकटपट्टी लावली, गंज पॉलिश पेपरने घासून काढला, प्रायमर दिला, वरून टचअपच्या बाटलीतला रंग लावला. लुंबिनीलासुद्धा जागा सापडली नाही, तेव्हा स्वारी दोन दिवस हवेत होती. आठ महिन्यांनी फोड परत हजर, तेही भाऊबंद घेऊन.

तेव्हा त्याचं डोकं फिरलं. एका साखरपुड्याच्या पंगतीत, सगळ्या पाहुण्यांदेखत तो शेषेरावला म्हणाला, "तुझ्या पोरानं समुद्राच्या खारात सडलेली गाडी माझ्या गळ्यात मारली की रे!"

शेषेरावने हातातला घास ताटात ठेवला, उठून हात धुतला आणि निघून गेला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, सोयाबीनच्या भावापासून गुडघेदुखीपर्यंत तासभर गप्पा चालायच्या. तो फोन बंद झाला, त्याला आता सव्वा वर्ष होऊन गेलं. आनंदराजला वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण आपण खोटं काय बोललो, असंही वाटायचं, आणि मग तोही हटून बसायचा.

या रविवारी गंज तिसऱ्यांदा घासायची वेळ आली. पॉलिश पेपर हातात घेऊन तो अंगणात उकिडवा बसला आणि थांबला. नुसतं बुजवत राहायचं, की हा येतो कुठून ते एकदा बघायचं? त्याने स्केचपेन आणून प्रत्येक फोडाभोवती गोल काढला. अकरा भरले. सगळे मागच्या चाकांच्या मागे. पुढचं बॉनेट बोटांनी चाचपलं, टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झाला, पुढची दारं खालून तपासली. एकही नाही.

"समुद्राचा वारा काय फकस्त मागूनच आला व्हता का?" तो स्वतःशीच पुटपुटला.

त्याने एक फोड खोलवर खरवडला. वरून मसुराएवढा दिसणारा गंज आत रुपयाएवढा पसरलेला होता. म्हणजे तो बाहेरून आत गेला नव्हता, आतून बाहेर आला होता. आनंदराजने डिकी उघडली, तळाचं जाजम उपसलं. खालचा पत्रा जागोजागी खाल्लेला, आणि कोपऱ्यात पांढरट भुकटी. डोक्याआधी नाकाने ओळखलं. टीसीएल! विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर.

गावांकडून न्यायला कुणी यायचं नाही, म्हणून हाच भला माणूस दर पावसाळ्याआधी पावडरीच्या पिशव्या स्वतःच्या डिकीतून सहा गावांना पोचवायचा. कधी पिशवी आठवडाभर डिकीतच राहायची. आणि दर प्रशिक्षणात हाच घसा ताणून सांगायचा, "टीसीएल लोखंडाच्या डब्यात ठेवू नका, डबा खाऊन टाकती!"

तरी खात्री करायचीच. त्याने लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. दोन्हींत ओला कापूस ठेवला, दोन्हींत दोऱ्याने एकेक नवा खिळा टांगला. एकीत फक्त चमचाभर पावडर जास्त. झाकणं लावून बरण्या खिडकीत ठेवल्या. बुधवारी पावडरीच्या बरणीतला खिळा लालभडक झाला होता, दुसरा जवळपास तसाच होता.

"काय निघालं?" लुंबिनीने विचारलं.

"मीच निघालो," तो म्हणाला आणि खाली मान घालून बसला.

गुरुवारी रजा टाकून त्याने काम मुळापासून केलं. डिकी धुतली, दिवसभर उन्हात वाळवली, गंज आतून-बाहेरून चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासला. आधी आतून प्रायमर दिला, मग बाहेरून. तो वाळल्यावर रंगाचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात सुकू दिला. घाई कुठेच केली नाही. खरं तर चाकूरला जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

रविवारी तो गेलाच. शेषेराव दारात गहू निवडत बसला होता. त्याने वर पाहिलं, 'ये' म्हणाला नाही, पण सूप बाजूला सरकवून जागा केली. आनंदराजने लाल खिळ्याची बरणी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता. "भर पंगतीत बोललो, तर माफी बी चार लोकांतच मागतो. बोलव कुणाला बोलवायचं ते."

शेषेरावने बरणी उचलून फिरवून पाहिली.

"मी तुझ्यावर रागावलो न्हवतो, आनंद्या," तो म्हणाला. "मला शरम वाटली. तू लबाड बोलणारा माणूस न्हाईस, हे मला ठाव हाय. म्हणून मी पोरालाच धरलं. काकाला फसवलंस म्हणलं. त्यो न्हाई न्हाई म्हणत राहिला. मी तुझ्यावर यकीन केलं, त्याच्यावर केलं न्हाई. तवापासून त्यो घरी आला न्हाई. दिवाळीला बी न्हाई."

एका घासाच्या वेळात बोललेलं वाक्य दुसऱ्याच्या घरात एवढं खोल गेलं असेल, हे आनंदराजच्या स्वप्नातही नव्हतं.

शेषेरावने फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "पंगत न्हाई लागत मला. त्याला सांग."

तिकडे घंटी वाजत राहिली. मग आवाज आला, थोडा घाबरलेला, "बाबा? काय झालं?"

"बाबा न्हाई, सत्यम. आनंदकाका बोलतोय," तो म्हणाला. "तुझी काई चूक न्हवती, बाळा."