आकाशाच्या मधोमध

शाळेतल्या बाईंच्या ती पहिल्यांदा नजरेत भरली ती कोपरापर्यंत निळ्या हातांमुळे. पालकांच्या बैठकीला तशीच आली होती, शेजारी लेक.

"हात धुऊन आली असतीस तर?" लेक कुजबुजली.

"धुऊनच आलेय," आई म्हणाली.

नाटकांचे पडदे रंगवणारं घर ते. बाप देखावा रेखायचा, धाकटा मुलगा झाडं आणि भिंती भरायचा, आई रंग कालवायची. आकाश मात्र लेकीचं. जमिनीवर अंथरलेल्या कापडावर, पायांत मोजे घालून, लांब दांड्याचा कुंचला फिरवत ती मागे मागे सरकायची आणि तिच्या पुढ्यात आकाश पसरत जायचं.

ऐन विशीत ती तापाने गेली. घरात तिचं नाव निघेना. पडदे होत राहिले, पण राजवाड्यातली दालनं, तुरुंग, नाहीतर झाडांनी गच्च भरलेलं जंगल. आकाश लागेल असं काम बाप घेईचना.

मग बाईंनीच शाळेच्या नाटकासाठी समुद्रकिनारा मागितला.

"जमणार नाही," बाप म्हणाला.

"जमेल, बाई," आई मध्येच बोलली.

बाई गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "करणार कोण?"

"मी."

"उभ्या जन्मात कुंचला धरला नाहीस."

"मग उद्या धरते."

सकाळी तिने हात चालवायला सुरुवात केली ती थांबलीच नाही. दंड भरून आले तेव्हा मान वर केली. चहूकडे ओला निळा रंग, आणि पाटाएवढ्या कोऱ्या कापडावर मधोमध ती.

"अगं, शेवट दाराशी करायचा असतो," नवरा म्हणाला.

"हे आत्ता सांगताय?"

"विचारलंस कधी?"

धाकट्याने कुंचल्याच्या दांड्याला किटली अडकवून तिच्यापर्यंत चहा पोचवला. "वाळेपर्यंत बेटावरच राहा. ताईसुद्धा एकदा अशीच..." आणि त्याने जीभ चावली.

मग बाप ओल्या कडेशी मांडी घालून बसला.

"एकदा कुठे, तीनदा. मी खांद्यावर टाकून बाहेर काढायचो. पावलांचे ठसे आम्ही ढगांखाली दडवायचो."

"मला नाही सांगितलंत ते."

"तू ओरडशील म्हणून शपथ घातली होती तिने."

"ओरडलेच असते," किटलीच्या झाकणात चहा ओतत ती म्हणाली. "अजून सांगा."

रंग वाळेपर्यंत तो सांगत राहिला, धाकटा त्यात भर घालत राहिला. मग तिने उरलेला तुकडा भरला. तो जरा गडदच झाला. बाईंना वाटलं, वादळ येतंय.

आता आकाश तीच करते. रंग नवरा कालवतो, आणि गुठळ्या राहतात म्हणून रोज बोलणी खातो.