करदोटा बांधलेला रेडिओ

डोणगावच्या सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ दुरुस्त करायचा विडा मी उचलला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जमलं तं ठीक, जवाईबापू. नाही तं भंगारात देऊन टाकू." ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

कंडेन्सर बदलले. पण बटणापासून स्टेशन दाखवणाऱ्या काट्यापर्यंत जाणारी दोरी कुजून तुटली होती, आणि तशी दोरी आता कुठंच मिळेना. शेवटी मी तान्ह्या पोरांच्या कमरेला बांधतात तो काळा करदोटा आणला. बायको म्हणाली, "अहो, बारसं हाये काय रेडिओचं?"

करदोटा चाकांवरून ओवला, काटा अडकवला आणि मोठ्या रुबाबात सासऱ्यांना बोलावलं. व्हॉल्व्ह हळूहळू निखाऱ्यासारखे तांबूस झाले, आत घरघर सुरू झाली. त्यांनी बटण उजवीकडे फिरवलं, आणि काटा निघाला डावीकडे! मी शहाण्यानं तो दोरीच्या वरच्या पदराऐवजी खालच्या पदराला अडकवला होता.

सासऱ्यांचं मात्र काट्याकडे लक्षच नव्हतं. डोळे मिटून, दोन बोटांनी ते बटण केसभर पुढं, केसभर मागं करत होते. इतकी वर्षं मुक्या पडलेल्या यंत्रावर ती बोटं नेमकी एका जागी थांबली आणि एक बाई स्वच्छ आवाजात बातम्या वाचू लागली.

"मामाजी, काटा उलटा लागला," मी पुटपुटलो.

"राहू द्या. चूप बसा अन् आयका."

मी बसलो. बातम्या काय होत्या, विचारू नका. मी त्यांच्या बोटांकडेच बघत होतो.