फ्रान्सची फोटोकथा, कोहिनूरची सासू

बिदरला मैलूर भागात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे बॅनर, आणि एका गृहस्थाचं मराठी मासिक. गृहस्थ आपलं म्हणायचं म्हणून. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच त्याचं भांडवल. स्वतःला संपादक म्हणवायचा आणि इंटरनेटवरून उचलून फ्रेंच मासिकांच्या इतिहासाची लेखमाला चालवायचा. ती जुळवायचं माझ्या नशिबी आलं.

त्यामुळे न मागता मला फ्रान्स पाठ झालं. तिकडं एका नाण्यात मिळणारी चित्रांची साप्ताहिकं होती, मुखपृष्ठावर रंगीत खून नाहीतर रेल्वेचा अपघात. मग शिवणकामाचे नमुने देणारी बायकांची मासिकं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर, इटलीतून पॅरिसला आलेल्या एका प्रकाशकाचं प्रेमकथांचं साप्ताहिक तुफान खपलं. पुढं त्यात फोटोकथा आल्या. म्हणजे खरी माणसं उभी करायची, फोटो काढायचे आणि तोंडाजवळ संवाद छापायचे. शहाण्यांनी नाकं मुरडली, बायाबापड्यांनी वाचलं, प्रकाशक गब्बर झाला.

आमच्या संपादकाला सगळ्या इतिहासातून एवढंच कळलं, की तो गब्बर झाला. लगेच आपलीही फोटोकथा! नवरी म्हणून माझी धाकटी बहीण. ती रोज दुकानात माझा डबा घेऊन यायची. हौशी पोरगी, हसत हो म्हणाली. खोटं मंगळसूत्र आणि जोडवी घालून किल्ल्यात एका कॉलेजच्या पोराशेजारी उभी राहिली. मी खाली ओळ जुळवून दिली होती, की ही गोष्ट काल्पनिक आहे, माणसं फक्त अभिनय करत आहेत. ह्या दीडशहाण्यानं ती परस्पर काढून तिथं पाइपाची जाहिरात घातली. विचारलं तर म्हणतो, फ्रान्सच्या वाचकाला गोष्ट खरी वाटलेलीच आवडायची. अरे लेका, नकाशात फ्रान्स दाखव म्हटलं तर तू शेजारच्या औराद तालुक्याकडं बोट करशील!

तो अंक बसवकल्याणच्या एका कटिंगच्या दुकानात पोचला. तिथं दाढी करायला बसला होता माझ्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याचा मामा. सोयरीक त्याच तालुक्यातल्या कोहिनूर गावची, सुपारी फुटलेली. पोरगा बँकेत होता, रोज फोनवर बोलायचा, आणि बहिणीला तो मनापासून आवडला होता. संध्याकाळच्या आत तिकडून फोन आला, "पोरगी आधीच उजवलेली हाय. आम्हाला फसवायलाव व्हय?" सोयरिकीआधी ह्याच लोकांनी गावोगाव चौकशी केली होती. पण छापलंय म्हटल्यावर यांची अक्कल गहाण पडते.

मी संपादकाची गचांडी धरली आणि कोहिनूरला घेऊन गेलो. तो त्याच्या स्कूटरवर, मी मोटारसायकलवर, माझ्या मागं बहीण. पोरीनं सासरी असं जाऊ नये, आई म्हणत होती. "माझं मीच सांगते," म्हणाली आणि बसली.

कोहिनूरला पोराच्या घरी, बैठकीच्या खोलीत संपादकानं खुलासा सुरू केला तो थेट पॅरिसपासून. पोराची आई तोंड घट्ट मिटून ऐकत होती. मधेच हा बाबा थांबला, तिच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाला, "अक्का, काय चेहरा हाय तुमचा! पुढच्या भागात सासू पायजे आम्हाला."

काय सांगू! बाई आत गेली आणि ठेवणीतलं इरकल नेसून आली. सासरा पाहिजे म्हणून संपादक स्वतःच तिला खेटून उभा राहिला. तिचा नवरा मोबाइल धरून सांगतोय, "जरा जवळ सरका की." मामा हसतोय, पोरगाही हसतोय. मला तर त्या घराची किळस आली.

बहीण उठली. संपादकाकडं बोट करून म्हणाली, "मावशी, हे तुमचे कोण?"

"अगं, कोण म्हंजे? गोष्ट हाय ही."

"मग माझी काय व्हती?"

"माझं वय झालंय बाई. तू पोरीची जात. तुला शोभतं व्हय ते?"

बहिणीनं पोराकडं बघितलं. त्यानं बोलावं म्हणून ती थांबली. तो बोलला, बोलला नाही असं नाही. म्हणाला, "आईला उलटं कामून बोलायलीस?"

तिनं चपला घातल्या. "चल अण्णा."

आम्ही निघालो. संपादक तिथंच बसून चहा पीत राहिला, दुसरा फोटो काढायचा होता म्हणे. भालकीपर्यंत मी एकटाच बडबडत होतो. त्या बाईला, त्या मामाला, त्या बुळ्या पोराला, फ्रान्सच्या सगळ्या प्रकाशकांना शिव्या घालत होतो. बरं झालं, वाचलीस, असंही म्हणालो. तिनं माझ्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "गप की रे अण्णा. मला आवडायचा तो."