सिताबाईच्या शेडातली ऊब

सिताबाईच्या रेशमाच्या शेडावर नवऱ्याचा, गोरोबाचा, डोळा होता. त्याला कारण ट्रॅक्टर. दसऱ्याला जुना घेतलेला तो ट्रॅक्टर लिंबाखाली उभा असायचा, आणि रोज सकाळी सीटवरची कावळ्यांची घाण पुसताना गोरोबाचं तोंड वाकडं व्हायचं.

वाशी तालुक्यातल्या त्या वस्तीवर शेड घरापासून दीडशे पावलं लांब, तुतीच्या रानाला लागून. वर पत्रा, खाली कमरेइतकी विटांची भिंत आणि मध्ये हिरवी जाळी. आत रॅकवर अळ्या वाढवायच्या, त्यांनी कोष विणले की सोडवून बाजारात न्यायचे. सात वर्षं सिताबाईनं हे काम कुणाला न विचारता केलं. अडलं ते गेल्या हिवाळ्यात. थंडीनं अळ्या पाला खाईनात, कात टाकीनात. एरवी पंचवीस-सव्वीस दिवसांत उरकणारी बॅच छत्तीस दिवस लांबली, पाला संपला आणि कोष निघाले ते बोटानं दाबले की पिचणारे.

"आता थंडीचं शेड रिकामंच ऱ्हानार की," गोरोबा म्हणाला. "तीन महिने ट्रॅक्टर आत लावू."

"आन् एकदा आत गेल्यावर भाईर कोन काढणार? तुमी?"

बोलाचाली झाली आणि शेवटी ठरलं. पौषात एक बॅच घ्यायची. अठ्ठावीस दिवसांत कोष उतरले तर शेड सिताबाईचं, नाही तर ट्रॅक्टरचं. मागवलेल्या बाळअळ्या यायला पंधरा दिवस होते. अळ्यांना पंचवीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पहाटे शेडातली तापमापी बारा दाखवत होती.

सिताबाईनं आधी हीटरची चौकशी केली. पण शेतातली लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री; घरच्या मीटरवरून वायर ओढली असती तर बिलानं घर तापलं असतं. मग तिनं कोळशाची शेगडी ठेवून पाहिली. जाळीवर ताडपत्री सोडली, दार लावलं आणि गोरोबा तापमापी बघायला आत बसला. पाव तासात डोकं धरून बाहेर आला.

"आगं, किड्याच्या आधी माझीच कात निघाली असती!"

दार लावावं तर जिवाला धोका, उघडावं तर ऊब पळते. शेगडी त्याच दिवशी परत चुलीपाशी गेली.

दोन दिवसांनी ती शेजारच्या बब्रुवानच्या भट्टीवर दूध घालायला गेली. बब्रुवान खवा आटवतो. त्याच्या भट्टीचा धूर जमिनीखालच्या नळीतून मागच्या धुराड्याकडे जातो, आणि त्या नळीवरच्या ओट्यावर त्याची म्हातारी आई पाय पसरून शेंगा फोडत बसली होती. धुराचा वास नाही, अंगावर शाल नाही. सिताबाई तिच्याशेजारी टेकली आणि उठेचना.

"वैनी, दूध दिलं, आता मुक्काम का काय?" बब्रुवाननं विचारलं.

"बब्रुवानभाऊ, जाळ भाईर आन् नुसती नळी शेडातनं नेली तर?"

"म्हशीच्या दुधाला भट्टी लागती. किड्याला कोन भट्टी लावतंय?"

पण भट्टीचं तोंड बांधायला तोच आला. बोअरचा जुना लोखंडी केसिंग पाइप घरी पडलेला होता. तो भिंतीतून आत घेतला, जमिनीलगत शेडभर नेला आणि पलीकडून बाहेर काढून धुराडं उभं केलं. जळण फुकटचं. अळ्यांनी पाला खाल्ला की तुतीच्या काड्या उरतात. त्यांचा ढीग बांधावर वाळत पडला होता.

पहिल्या जाळाला पाइप तापला, तापमापी मात्र दोनच अंश हलली. गोरोबानं ट्रॅक्टरची चावी खिशात वाजवली. सिताबाई वर पाहत राहिली. ऊब सगळी पत्र्याखाली जाऊन बसत होती. बाळअळ्यांना सुरुवातीला शेडाचा कोपराही पुरतो, मग अख्खं शेड तापवायचं कशाला? गोरोबा खताच्या रिकाम्या पिशव्या घेऊन आला. तिनं त्या दारातूनच परत पाठवल्या. अळीला खताचा वाससुद्धा सोसत नाही. ज्वारीची पोती धुऊन, शिवून तिनं रॅकवर एक बुटकं छत केलं, तिन्ही अंगांनी पडदे सोडले, हवेला वर वीतभर फट ठेवली. दुसऱ्या पहाटे तापमापीत चोवीस होते.

अळ्या यायच्या आदल्या दिवशी ती शेडात शिरली आणि नाक दाबून बाहेर आली. पाइप चांदीसारखा चमकत होता.

"लोक बघायला येतील म्हनून रंग दिला," गोरोबा म्हणाला. हातात ब्रश होता.

"लोक येतील, अळ्या मरतील! आवो, रंगाच्या वासानं एक ऱ्हायची न्हाय."

तो गडबडला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मग पाइप उपसून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून त्यानंच बब्रुवानकडे नेला. तिथं जाळात लाल होईस्तोवर रंग जाळला, राखेनं घासला, आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा बसवला. रात्रभर दार उघडं ठेवून भट्टी पेटती ठेवली. सकाळी सिताबाईनं पाइपाला नाक लावलं. वास गेला होता.

अळ्या आल्या आणि पहिल्याच दिवशी पाल्यावर तुटून पडल्या. त्या वाढतील तसे तिनं पडदे सरकवले. भट्टीत काड्या सारायचं काम हळूहळू गोरोबाकडे गेलं, कारण पहाटे त्याला तिथंच बसायला आवडू लागलं.

सव्विसाव्या दिवशी कोष उतरले. बब्रुवाननं एक दाबून पाहिला. "वैनी, ह्यो तर गोटीवानी टणक हाय."

 दुपारी गोरोबा चार बल्ल्या आणि दोन पत्रे घेऊन आला आणि शेडाच्या भिंतीला लागून, भट्टीच्या तोंडाशेजारी खड्डा घेऊ लागला.

"काय करताव?"

"ट्रॅक्टरला आडोसा. इथं त्यालाबी जरा ऊब लागंल."

"जाळाजवळ डिझेल? शेड माझं ऱ्हाऊ द्यायचं हाय का फुकून टाकायचं?"

गोरोबानं खड्डा बुजवला आणि पहार उचलून लिंबाकडे चालू लागला. मागून सिताबाई पत्रे घेऊन निघाली.