त्या दिवशी दोरीच्या आत कोण कोण होतं

आमच्या विणकर वस्तीतल्या एका डावखुऱ्या बॉक्सरवर अन्याय झाला. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, गिरणीचा चारचा भोंगा वाजून गेल्यावर, अंतिम लढतीच्या तिसऱ्या राउंडमध्ये. इतकं नेमकं सांगतो, कारण आजकाल जो भेटतो तो ‘मागं कधीतरी काहीतरी लफडं झालं होतं’ म्हणतो आणि पान थुंकून मोकळा होतो. कधीतरी नाही. काहीतरी नाही. एका माणसाचा खेळ बंद झाला, आणि चार हिवाळे झाले तरी तो बंदच आहे.

हा गडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. घरात खड्ड्याचा माग, आणि त्या मागावर तो बारा वर्षांचा असल्यापासून बसलेला. पाय पावड्यांवर, एका हातात धोट्याची दोरी. दिवसभर पाय वर-खाली, वर-खाली. रिंगमध्ये त्याचे पाय जे हलत ते कुणी शिकवले नव्हते, मागानं शिकवले होते. बाकीचं शिकवलं एका रिटायर झालेल्या ड्रिल मास्तरांनी. शाळेच्या मागच्या अंगणात लाकडाच्या भुशाचं पोतं टांगून, रोज सकाळी साडेपाचला. हाताला बांधायच्या पट्ट्या त्याची आई विणून द्यायची. सुती, घट्ट, लुगड्याला असतो तसा लाल काठ घातलेल्या. काठ कशाला, विचारलं तर म्हणायची, "बिनकाठाचं मले विणताच येत नाही, बाप्पा."

जो निवड-स्पर्धेची ही अंतिम लढत जिंकणार तो राज्याच्या संघात जाणार होता. त्याला दुसरं काही नको होतं.

आता माझं. मी त्या वेळी वस्तीतला पत्रकवाला. पाण्याचा नळ, रेशनचा गहू, मागवाल्यांच्या सुताचा भाव, सगळ्यावर माझी पत्रकं निघायची. लढतीच्या आठवडाभर आधी मास्तरांनी मला इंग्रजीतला एक कागद दिला. बॉक्सिंगचे नियम. म्हणाले, "याचं सोपं मराठी कर आणि वस्तीत वाट. आपल्या लोकांनी हा खेळ पाहिलेला नाही. त्यांना कुस्ती ठाऊक."

मी पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरात ‘विणकराचा हात पाहायला चला’. खाली आमच्या पिढ्यांची पिळवणूक, मधे मागणी, शेवटी घोषणा. फर्मास उतरलं होतं. नियमांना जागा उरली नाही. खरं सांगायचं तर मला ते नियम रुक्ष वाटले. घडी घालून कागद खिशात ठेवला, आणि लढतीच्या दिवशीही तो त्याच खिशात होता.

शनिवारी दीडशे-दोनशे माणूस सायकलींवर, पायी, दोन बैलबंड्यांत बसून मैदानावर निघालं. माझ्याबरोबर वस्तीचे वस्ताद होते, सत्तरीकडे झुकलेले, तरुणपणी तीन जिल्ह्यांत कुस्त्या मारलेले. हातात झेंडूचा हार, कमरेला गुलालाची पिशवी. आमच्याकडे कुस्तीची रीतच तशी. समोरच्याची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, डफडं वाजतं, आणि आपला माणूस जिंकला की आखाड्यात सगळ्यात आधी धावून हार घालायचा मान वस्तादांचा. मागे राहिला तो माणूस त्या पहिलवानाचा नव्हेच.

रस्त्यात वस्तादांनी विचारलं, "काय गा, या खेळात निकाल कसा लागते?"

"समोरच्याले पाडलं का झालं," मी म्हणालो.

"पाठ लागाले पायजे का?"

"पाठच काहून? पडला का संपला."

हे मी बोललो. खिशात कागद असताना बोललो.

मैदानाच्या मधोमध ड्रमवर फळ्या टाकून रिंग बांधली होती. समोर खुर्च्या, त्यात पाहुणे आणि पंच. कर्ण्यावरून सगळं इंग्रजीत चाललेलं. आमच्यातल्या एकाला तरी कळावं असं त्यांना वाटलं नाही. मास्तरांच्या मदतीला कोपऱ्यात एक जण कमी होता, त्यांनी वस्तादांना बादली आणि टॉवेल धरून उभं केलं. मी त्यांच्या शेजारी, दोरीला हात लावून.

समोरचा बाहेरच्या एका खात्याच्या संघाचा. झुलीसारखा चकचकीत झगा घालून आला तेव्हा आमच्यातला एक जण ओरडला, "अबे, नवरदेव आला! वऱ्हाड कुठं हाय?" पण नवरदेव तगडा होता. पहिला राउंड सरळ त्याचा. आमच्याच्या नाकातून रक्त. दुसऱ्यात आमच्याचे पाय सुटले. तो समोरच्याच्या उजव्या बाजूला फिरत राहिला, फिरत राहिला, जसा धोटा जातो आणि येतो, आणि प्रत्येक फेरीला एक डावा. वस्ताद माझा दंड दाबून म्हणाले, "पाहून राहिला का? मांड पक्की हाय पोराची."

तिसऱ्या राउंडला गिरणीचा भोंगा झाला. त्यानंतर थोड्याच वेळात तो ठोसा बसला. मी आयुष्यात फार लढती पाहिल्या नाहीत, पण तो आवाज मला ओला कपडा दगडावर आपटावा तसा अजून ऐकू येतो. समोरचा गुडघ्यांतून गेला, बसला, आणि मग उताणा पडला. पाठ फळ्यांना.

पाठ लागली.

मागून कुणी तरी तेच ओरडलं, "पाठ लागली! पाठ लागली!" डफडं कडाडलं. पंचानं आमच्याला समोरच्या कोपऱ्यात जायला सांगितलं आणि बोटं उघडत मोजायला लागला. वन. टू. थ्री. मास्तर दोन्ही हात पसरून ओरडत होते, "थांबा! कोणी हलू नका! दहा होऊ द्या!" डफड्यापुढे मास्तरांचा आवाज तो काय. वस्तादांनी बादली खाली ठेवली. टॉवेल खांद्यावरच. हार घेऊन ते दोरीपाशी वाकले, आणि म्हाताऱ्या माणसाला वाकायला त्रास होतोय म्हणून मी दोर वर उचलला.

होय. मी.

वस्ताद आत गेले, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे तीसेक माणूस. गुलाल उधळला. तो पडलेल्याच्या डोळ्यांत गेला आणि तो खोकत उठून बसला. आमचा गडी कोपऱ्यातून दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं, आनंदानं. तो "जा! बाहेर जा!" म्हणत होता. पंचाचं मोजणं सहावर थांबलं होतं.

लढत चालू असताना कोपऱ्यातला माणूस दोरीच्या आत आला, तर त्याचा खेळाडू बाद. तिसऱ्या कलमात होतं ते. माझ्या खिशात.

कर्ण्यावरून इंग्रजीत निकाल आला, आणि पंचानं हात वर केला तो त्या दुसऱ्याचा. तो दुसरा, लाल डोळे पुसत, आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "भाई, मैं तो उठनेवाला नहीं था." आमच्यानं त्याच्या पाठीवर थोपटलं. मग हाताच्या पट्ट्या सोडायला बसला. लाल काठ गुलालात दिसेनासा झाला होता.

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी पत्रकवाला. रात्रीतून लिहिलं, सकाळी वाटलं. ‘पंचांचा डाव उघडा पडला!’ आणि मधे एक वाक्य, ज्याचा मला तेव्हा भारी अभिमान वाटला: ‘आपल्या लेकराच्या एका हाकेसरशी सारी वस्ती उठून रिंगणात उतरली.’ हाक कुणी दिली होती? कुणीच नाही. वाक्याला वजन यावं म्हणून मी घातली.

महिनाभरात बॉक्सिंग संघटनेचं पत्र आलं. प्रेक्षकांना चिथावल्याबद्दल खेळण्यास मनाई, पुढील आदेशापर्यंत. त्याला कुणी बोलावलं नाही, विचारलं नाही. पुढला आदेश कधी आलाच नाही.

मी संघटनेच्या सदरमधल्या कचेरीत सतरा चकरा मारल्या असतील. साहेब जेवायला गेले, साहेब दौऱ्यावर, साहेब बदलले. यंदा एकदाचे सचिव भेटले. फाइल उघडली, आणि आत काय, तर माझं पत्रक, पिवळं पडलेलं, त्या वाक्याखाली तांबडी रेघ.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"मग त्यानं हाक दिली होती."

"नाही. ते मी असंच लिहिलं."

"असंच?" त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या असंच लिहिण्यावर ही मनाई उभी आहे. जे आत शिरले त्यांच्याकडून लिहून आणा. आपण होऊन गेलो, खेळाडूनं बोलावलं नव्हतं. निवड-चाचणीच्या आत आणलंत तर मनाई उठवता येईल."

त्यांचा राग आला. विचारायचं हे त्यांना चार वर्षं सुचलं नाही! पण रागाला धार येईना. तांबड्या रेघेच्या वरचं अक्षर माझं होतं.

आमच्या गड्याच्या घरी जाऊन त्याला सांगितलं. तो मागावर होता, हात थांबवला नाही. म्हणाला, "तू आता लिहू नको गा. मागच्या दोन्ही वेळा तू लिहिलं आन् मी भोगलं." त्याची आई चुलीपासून म्हणाली, "लिहू दे त्याले. पण या वक्ती खरं लिहाले सांग."

मी घरोघर निघालो. आणि इथून पुढचं जे आहे त्यानं माझं डोकं फिरलं आहे.

चहाच्या टपरीवर ही लढत रोज लढली जाते. मी होतो, मी सगळ्यात पुढं होतो, गुलाल मीच फेकला, त्याले पहिल्यांदा खांद्यावर मीच घेतलं. खांद्यावर कुणी घेतलंच नव्हतं! तीस आत गेलो होतो, टपरीवर तीनशे झालेत. आणि कागद पुढे केला की?

"मी तं खालीच होतो, भाऊ."

"माह्या पोराची नोकरी लागून राहिली, लफडं नको."

"आत? मी? काहून बे, मी तं सायकली सांभाळून राहिलो होतो."

दोनशे माणसांच्या शंभर सायकली, आणि सांभाळणारे सव्वीस निघाले.

वस्तादांनी मात्र माझ्या हातून कागद ओढून घेतला. आता त्यांना नीट दिसत नाही. म्हणाले, "मीच गेलो. मले कोणी बोलावलं नाही. मले वाटलं पाठ लागली." अंगठा दिला, आणि दिल्यावर तो अंगठा बराच वेळ धोतराला पुसत बसले. त्यांच्याखाली माझी सही आहे: दोर मी उचलला, हाकेचं वाक्य खोटं, तेही मीच लिहिलं.

त्याच्याखाली कागद कोरा आहे.

यंदाची निवड संक्रांतीनंतर आहे. वयाच्या हिशेबानं त्याची ही शेवटची. तो अजून सकाळी साडेपाचला पोत्यासमोर उभा राहतो, आईनं नव्या पट्ट्या विणल्यात, काठासकट.

तू त्या दिवशी आत होतास. हे वाचताना तुला ते माहीत आहे. गुलालाचा वास तुला अजून आठवतो, टपरीवर तू तो सांगतोस. माझ्यावर हवा तेवढा राग धर, मला शिव्या घाल, पण वस्तीच्या चौकातल्या सायकल दुकानासमोरच्या बाकावर मी रोज संध्याकाळी कागद घेऊन बसतो, तिथे ये. आत गेलो, आपल्या पायानं गेलो, त्यानं बोलावलं नव्हतं, एवढंच लिही आणि खाली सही कर. संक्रांतीच्या आत.