कॅमेऱ्याचं खरं वजन

११ जानेवारी, रविवार. सकाळपासून भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत बसले होते. या दिवसांत बंगळुरात मल्लेश्वरमच्या बाजारात त्यांच्या शेंगांचे ढीग लागतात. दाणे रात्रभर भिजवायचे आणि एकेक चिमटीत दाबून सालीतून काढायचा. हे एकटीनं करायचं काम नव्हे. इतकी वर्षं समोरच्या अक्का आणि मी जिन्याच्या तोंडाशी परात घेऊन बसायचो. डिसेंबरात त्या मुलाकडे देवनहळ्ळीला राहायला गेल्या. मी मात्र सवयीनं दोघींपुरत्या शेंगा आणल्या होत्या.

शेजारी लॅपटॉप उघडा होता. २०२९च्या एप्रिलमध्ये एक लघुग्रह पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहे. पृथ्वीच्या ओढीनं त्याच्यात काय बदलतं, ते पाहायला यान पाठवण्याचा आराखडा आम्ही करतो आहोत. यानातल्या प्रत्येक वस्तूच्या वजनाचा तक्ता माझ्याकडे आहे. बेरीज मर्यादेपेक्षा अडीच किलोनं जास्त येत होती, आणि काय वगळायचं ते सोमवारच्या बैठकीत मी सांगायचं होतं. वगळण्याजोगी एकच वस्तू होती, छोटा कॅमेरा. तो मी बनवलेला. ज्या मोहिमेसाठी बनवला ती रद्द झाली, तेव्हापासून तो कपाटात पडून आहे. या खेपेला गेला नाही तर माझ्या निवृत्तीपर्यंत तिथेच राहील.

आमच्याकडे प्रत्येक गट आपलं वजन थोडं वाढवून सांगतो. पुढे अडलं तर हाताशी असावं म्हणून. त्याला आम्ही ‘खिसा’ म्हणतो. वर्षभर मी लोकांचे खिसे रिकामे करत आले होते, काहींना भर बैठकीत झापलंही होतं. त्या दिवशी इंधनाच्या टाक्या बघणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावला. तो बेळगावचा, ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारा एकटाच; मलाही अक्का म्हणतो.

“अक्का, रविवारी पण झडती?”

“अडीच किलो सोड.”

“मागच्या खेपेला सगळं झाडून दिलो की. आता बनियनच राहिलंय.”

“मग कॅमेरा जातो.”

“किती आहे त्याचं वजन?”

“तक्त्यात जवळजवळ साडेआठ.”

“तक्त्यातलं नको. तराजूवर किती भरला होता?”

साडेपाच. कॅमेरा बनवला तेव्हा मीच सात लिहिलं होतं. पुढे तक्ता माझ्या हाती आला आणि नियमाप्रमाणे न तोललेल्या सगळ्या आकड्यांवर पाचवा हिस्सा चढवताना त्या सातवरही चढवला. खिशावर खिसा, जवळजवळ तीन किलोंचा.

“अक्का, आहात काय?”

“आहे. साडेपाच.”

“उद्या मी हसणार बघा.”

“हस.”

फोन ठेवला. आकडा गुपचूप बदलता आला असता, पण तक्त्यात कोणी काय बदललं ते सगळ्यांना दिसतं, आणि हा नियम मीच घातलेला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. उठून दार उघडलं, समोरचं कुलूप पाहिलं आणि परत येऊन उरलेले दाणे सोलले. चार वाजले.

सोमवारी सकाळी बैठकीत उभी राहिले आणि सांगितलं, “कॅमेरा साडेपाच किलोचा आहे. खिसा माझा होता.” दोघे-तिघे हसले. टाक्यांवाल्यानं हसायचं कबूल केलं होतं, पण तो हसला नाही. मी आकडा दुरुस्त केला, कॅमेरा यादीत ठेवला आणि अवरेकाळूच्या उसळीचा मोठा डबा त्याच्यासमोर सरकवला.