तळमजल्याचे घर आणि माझी सही

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण एजंटाच्या फिरत्या खुर्चीत बसलेले ते आजोबा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. नावे मुद्दाम घेत नाही, कारण सगळे अजून त्याच भागात राहतात.

तेव्हा मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. महिन्याची पहिली तारीख होती. सकाळी अकराच्या सुमारास एक इस्टेट एजंट घामाघूम होऊन आला. गावठाणातला मूळ रहिवासी, जमिनी गेल्यावर घरे भाड्याने लावून देण्याच्या धंद्यात पडलेला. एका बाईने टेम्पोभर सामान आणून त्याच्या ऑफिसात मुक्काम ठोकला होता आणि येणारे गिऱ्हाईक दारातूनच परत जात होते. तिला बाहेर काढा, एवढेच त्याचे मागणे होते.

दलालीची भांडणे आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी यायची. ठरलेले घर हातचे गेले की एजंट म्हणतो, मी दाखवले, माझे काम झाले. भाडेकरू म्हणतो, घर मिळालेच नाही, मग काम कसले झाले? आम्ही दोघांनाही दिवाणी बाब म्हणून वाटेला लावायचो. खरे सांगायचे तर पोलिसांना कुणी घर भाड्याने देत नाही, मीही घरासाठी चकरा मारल्या होत्या, त्यामुळे एजंट या जमातीवर माझा तसा रागच होता. पण तक्रार आली की जावे लागते. स्टेशन डायरीत नोंद केली आणि एका महिला हवालदारांना घेऊन निघालो.

ऑफिस म्हणजे एक गाळा. त्यात गाद्यांच्या वळकट्या, सिलिंडर, भांड्यांची पोती. टेबलामागे एजंटाच्या खुर्चीत एक ऐंशीच्या घरातले आजोबा, शेजारी वॉकर. मला पाहून त्यांनी हात जोडले. "जय भीम सायेब. बसा म्हनलं असतं, पर खुर्ची येकच हाय अन् मला उटता येत न्हाई."

मला हसू आले, ते मी मिशीत दाबले. सामान आणणारी बाई, म्हणजे त्यांची सून, मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. ती पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्लार्क होती. नवरा दूर द्रोणागिरीच्या गोदामात कामाला, आठवड्यातून एकदा घरी. सासऱ्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झालेले आणि जुनी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून तिने तळमजल्याचा फ्लॅट ठरवला, टोकन दिले, दलालीही आधीच मोजली आणि जुनी खोली महिनाअखेरीस सोडतो असे कळवले. मग एजंटाने कळवले की मालकाचा मुलगा परदेशातून येतोय, घर मिळणार नाही आणि दलाली परत होणार नाही. जुन्या खोलीसाठी तोवर दुसरे कुटुंब ठरले होते.

मी दलाली परत मिळवून देण्याचे बोलू लागलो, तसे तिने मला थांबवले.

"पैसे नकोत मला. यांना घेऊन मी आता कुठला जिना चढू? आणि साहेब, मंगळवारी मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही म्हणालात, कोर्टात जा."

मला तिचा चेहरा आठवेना.

एजंटाला ठाण्यात आणले, चहा दिला आणि विचारायला बसलो. खोटे बोलणारा माणूस न विचारलेले तपशील पुरवतो, हा माझा अनुभव. यानेही मालकाचा मुलगा दुबईला कुठल्या कंपनीत आहे, तिकीट कधीचे आहे, सगळे सांगितले. मी त्याच्यासमोरच मालकांना फोन लावला. ते नाशिकचे निवृत्त शिक्षक. म्हणाले, "मुलगा? मला दोन मुली आहेत, दोघी इथेच असतात. त्या बाईंनीच नकार दिला असं एजंट म्हणाला. आता एका कंपनीला, त्यांच्या इंजिनिअरांसाठी देतोय. करार व्हायचाय, पण पोलिसांचा फॉर्म झालाय. तुमच्याच ठाण्याचा शिक्का आहे की."

आता हे काम बरेचसे ऑनलाइन होते. तेव्हा भाडेकरूंच्या माहितीचे कागदी फॉर्म यायचे आणि एजंट ते गठ्ठ्याने आणायचे. हवालदारबाईंनी गठ्ठा काढला आणि त्यातला एक कागद माझ्यापुढे ठेवला. फ्लॅट तोच. भाडेकरू कंपनी. आवक शिक्का मंगळवारचा आणि खाली सही माझी.

मग मात्र मला मंगळवार आठवला. फॉर्मांवर एकामागून एक सह्या करत असताना समोरून एका बाईचा आवाज येत होता आणि मी मान वर न करता तिला कोर्टाचा रस्ता दाखवला होता. तिचे घर माझ्याच पेनाखालून दुसऱ्याला जात होते. मला स्वतःची लाज वाटली. इतक्या वर्षांच्या नोकरीत तेवढी कधी वाटली नव्हती.

फॉर्म पुढे सरकवताच एजंट मवाळ झाला. "साहेब, कंपनीवाले डबल दलाली देत व्हते. मी पलून नाय जात, यो गाव माजाच हाय. चुकलं माजं."

फसवणुकीची फिर्याद द्यायची का, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, आधी घर. मालकांना खरा प्रकार कळल्यावर ते एजंटावरच भडकले आणि त्यांनी पहिला शब्द पाळायचे ठरवले. कंपनीचे पैसे एजंटाने परत केले. दोन दिवस सासरा-सून त्याच गाळ्यात राहिले. जेवणाचा डबा एजंटाच्या घरून येत होता, आणि तो पाठवायला त्याला कुणी सांगितले नव्हते.

या प्रकरणात मी काही शोधून काढले, असे म्हणवत नाही. पुरावा माझ्या टेबलावरूनच गेला होता. ठाण्यात येणाऱ्या माणसाकडे मान वर करून पाहणे हेही तपासाचेच काम आहे, हे मला निवृत्तीला थोडीच वर्षे उरली असताना कळले.

तिसऱ्या दिवशी त्या बाई स्वतःचा फॉर्म घेऊन आल्या. मी जुन्या फॉर्मवर रद्द असा शेरा मारला, त्यांना खुर्ची दिली आणि नवा फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मी पेन उचलले तेव्हा त्यांनी कागदावर हात ठेवला.

"मागच्या पानावर सासऱ्यांचं नाव आहे, साहेब. तेही वाचा."

मी पान उलटले, ते नाव वाचले आणि मग सही केली.